कॉलेजातील पहिले वर्ष



आम्ही मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. निजामी अमदानीत आपल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. २०२२ साली तर कड्यास आगगाडीही आली. अंतर कमी झाले खरे. पण येथे ज्याला सारा गाव ओळखतो, तो मुलगा तेथे हजेरीपटावरचा आकडा होतो. इंग्रजी व्याख्यान डोक्यावरून जाते, खानावळीत भाकरी मिळत नाही. घरी तो हे सांगत नाही, कारण त्याच्यासाठी बापाने बैल विकलेला असतो.

आमचा एक हुशार विद्यार्थी असाच दिवाळीस आला, तो परत जाईना. ‘पळून आलास?’ असे आम्ही त्यास चारचौघांत विचारले. तो पुन्हा गेलाच नाही. आज तो येथेच दुकान चालवितो. भेटला की वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस घेववत नाही.

तेव्हा मुलाचा फोन आला की आधी गुण विचारू नका. जेवलास का, कोणी सोबती मिळाला का, हे विचारा. शहरातील बंधूंनी रविवारी एकेका मुलास घरी जेवावयास बोलवावे. यंदा गेलेल्या मुलांची नावे आम्ही लिहून आणली आहेत. सभा संपल्यावर ती आमच्याकडून घ्यावी.