आधी वाहिनी, मग वस्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



अशा प्रसंगी साहित्य, संगीत अथवा नाटक यांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्ही मात्र नळ, गटार आणि जमीन या तीन नीरस विषयांवर बोलण्याची अनुज्ञा मागितली आणि कार्यकारिणीने ती मोठ्या मनाने दिली. विषय नीरस खरा, परंतु परका नाही. मंडळ स्थापन झाले तेव्हा आपले बहुतेक सभासद दिल्लीच्या सरकारी वसाहतींत किंवा पहाडगंज-करोलबागेच्या परिसरात राहत असत. आज पत्त्यांची वही उघडली तर नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुरुग्राम हीच नावे अधिक आढळतात. आपण सारे राजधानीच्या कडेला राहावयास गेलो आहोत. तेव्हा ही कड कशी वाढते, कोण वाढवितो आणि तिची किंमत कोण मोजतो, याचा विचार आपण करावयाचा नाही तर कोणी करावयाचा?

प्रारंभ एका साथीपासून करू. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काविळीची भयंकर साथ पसरली. यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या जलकेंद्राच्या तोंडाशी शिरले. तेच पाणी नळांवाटे घरोघर गेले. जानेवारी १९५६ पर्यंत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज आहे. त्या वेळी जतन केलेले रक्तनमुने पुण्याच्या विषाणू संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसमवेत तपासले आणि हा रोग ज्ञात असलेल्या ‘अ’ वा ‘ब’ प्रकारच्या काविळीचा नव्हे, असे १९८० मध्ये दाखवून दिले. आज त्यास ‘ई’ प्रकारची कावीळ म्हणतात. वैद्यकाच्या इतिहासात या साथीचे स्थान मोठे आहे, पण नगररचनेच्या दृष्टीने तिचा बोध साधा आहे. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास होती. फाळणीनंतर, १९५१ मध्ये, ती सतरा लाखांवर गेली. माणसे आली, घरे झाली, पण पाणी आणणारी व मैला नेणारी व्यवस्था त्या मानाने वाढली नाही. नियोजनाची निकड सर्वांना पटण्यास जी कारणे झाली, त्यांत ही साथ एक होती.

१९५७ मध्ये दिल्ली विकास अधिनियम संमत झाला, विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पहिला बृहत् आराखडा अमलात आला. वाढ केवळ दिल्लीत कोंडू नये, ती गाझियाबाद, फरीदाबाद, गुडगाव इत्यादी भोवतालच्या गावांत विभागावी, हा विचार त्यात होता. आराखड्याची दृष्टी दूरची होती, यात शंका नाही. परंतु त्याची अंमलबजावणी सरकारी भूसंपादनावर उभी होती. नोव्हेंबर १९५९ मध्येच ३४,०७० एकर जमीन संपादनासाठी अधिसूचित झाली होती. जमीन सरकारने घ्यावी, विकसित करावी आणि मग वाटावी, असा तो क्रम. जमीन गोठली, पण माणसांचा ओघ गोठला नाही. ज्यांना अधिकृत भूखंड मिळेना, त्यांनी शेतजमिनीचे तुकडे विकत घेऊन घरे बांधली. १९७७ च्या धोरणाखाली अशा ६०७ अनधिकृत वसाहतींची यादी झाली. २०१९ मध्ये रहिवाशांना मालकीहक्क देण्याचे ठरले, तेव्हा यादीतील वसाहतींची संख्या १,७३१ होती. नकाशावर जेथे हिरवा रंग होता, तेथे घरे उभी राहिली आणि त्यांच्यामागून वर्षानुवर्षांनी जलवाहिनी आली.

वाहिनी मागून आली तर काय बिघडते, असे कोणी विचारील. थोडा हिशेब करू. माणशी दररोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडील शहरांसाठीचे मान्य प्रमाण आहे. पाच माणसांचे एक घर धरले तर दहा हजार घरांच्या वसाहतीला रोज ६७ लाख ५० हजार लिटर पाणी लागते. पाच हजार लिटरचा टँकर धरल्यास रोज १,३५० टँकर! त्यातील सुमारे ऐंशी टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळ नसेल तर माणसे विंधणविहीर खोदतात, परंतु मलवाहिनी नसेल तर काय करतील? शोषखड्डे भरतात, उघडे नाले वाहतात आणि ज्या भूजलावर विंधणविहीर जगते, तेच भूजल नासते.

शिवाय दोन वाहिन्यांचा स्वभाव भिन्न आहे. पाणी दाबाने चढविता येते, मैला मात्र उताराने जातो. म्हणून मलवाहिनी सर्वांत सखल जागेपासून, म्हणजे शुद्धीकरण केंद्रापासून, वरच्या अंगाला बांधीत न्यावी लागते. वस्ती मात्र उलट दिशेने, मोठ्या रस्त्यालगतच्या उंच जागेवर आधी होते. मुख्य वाहिनीचा व्यास पुढील तीस वर्षांची लोकसंख्या डोळ्यांपुढे ठेवून ठरवितात. ती फार आधी टाकली तर प्रवाह मंद राहून गाळ साचतो, फार उशिरा टाकली तर बांधलेले रस्ते फोडावे लागतात. जमिनीचा आराखडा आणि वाहिन्यांचे वेळापत्रक हे दोन कागद नव्हेत. तो एकच कागद असावयास हवा.

आपल्या शेजारी या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली. नोएडा १९७६ मध्ये उत्तर प्रदेशच्या औद्योगिक क्षेत्र विकास अधिनियमाखाली जन्मास आले. तेथे प्राधिकरणाने जमीन घेतली, सेक्टर आखले, रस्ते व वाहिन्या योजिल्या आणि मग भूखंड दिले. गुडगावात १९७५ च्या हरियाणा कायद्याने खाजगी विकासकांना परवाने मिळू लागले. वसाहतीच्या आतील सोयी विकासकाने कराव्यात, बाहेरील सोयींसाठी शुल्क भरावे आणि सरकारी यंत्रणेने मुख्य वाहिन्या आणाव्यात, अशी ती वाटणी. कागदावर ती योग्यच दिसते. परंतु परवाने विखुरलेल्या जमिनींवर दिले गेले, आतील इमारती झपाट्याने उठल्या आणि बाहेरील वाहिन्या मागे राहिल्या. संपूर्ण शहराची काळजी वाहणारी महानगरपालिका तेथे २००८ मध्ये आली, महानगर विकास प्राधिकरण २०१७ मध्ये. अरवलीवरून येणारे पावसाचे पाणी अडविण्यासाठी घाटा, झाडसा, चक्करपूर येथे जुने बांध होते. त्यांच्या अवतीभवती बांधकामे झाली. जुलै २०१६ मध्ये बादशाहपूर नाला तुंबला आणि महामार्गावर वाहने रात्रभर अडकून पडली. पाण्याने आपला जुना मार्ग विसरला नव्हता, विसरलो होतो ते आपण.

तथापि नोएडाचेही निर्विवाद कौतुक करणे कठीण आहे. तेथे रहिवाशांनी निवडून दिलेली नगरपालिका नाही. आणि ज्या गावांच्या जमिनींवर सेक्टर उभे राहिले, त्यांच्या गल्ल्या सेक्टरांच्या मधोमध दाटीवाटीने उरल्या आहेत. २०११ मध्ये भट्टा-पारसौल येथे भूसंपादनावरून रक्तपात झाला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोएडा व ग्रेटर नोएडाच्या शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि दहा टक्के विकसित जमीन देण्याचा निर्णय दिला. आपणा महाराष्ट्रीयांस हे नवे नाही. नवी मुंबईसाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या आंदोलनात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्यांपैकी पाच जणांना गोळीबारात प्राण गमवावे लागले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. आज नवी मुंबई महानगरपालिकेपाशी मोरबे हे स्वतःचे धरण आहे. पाण्याची तरतूद मोठी आहे, पण त्या पाण्यामागे कोणाची जमीन आहे, हे विसरता येत नाही.

विकासही व्हावा आणि मूळ मालकही उखडला जाऊ नये, असा मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्याच मुलुखात फार पूर्वी आखला गेला. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा हा या देशातील पहिला. त्यात वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करावयाच्या, रस्ते, बागा व सोयींसाठी भाग काढावयाचा आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांस परत करावयाची. जमीन घटते, मोल वाढते आणि त्या वाढीतून वाहिन्यांचा खर्चही काही अंशी निघतो. दिल्लीने २०१८ मध्ये याच्याशी नाते सांगणारे धोरण स्वीकारले: सेक्टरातील सत्तर टक्के सलग जमीन एकत्र व्हावी, साठ टक्के मालकांकडे राहावी, चाळीस टक्के सार्वजनिक सोयींसाठी जावी. सलग सत्तर टक्के जमिनीच्या मालकांचे एकमत घडविणे हे कर्मकठीण आहे, पण दिशा योग्य आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आम्ही एका नव्या वसाहतीत राहावयास गेलो तेव्हा फरशी, लिफ्ट, बाग सारे पाहिले. मलवाहिनी कोठे जाऊन मिळते, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही. पहिल्या उन्हाळ्यात पहाटे टँकरच्या घरघरीने जाग येऊ लागली तेव्हा सुचले. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या २०४१ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होऊन त्यावर हरकती व सूचना मागविण्यात आल्या. तेव्हाही वर्तमानपत्रात ते वाचून आम्ही पान उलटले. येथे बसलेल्यांपैकी कितीजणांनी सूचना धाडली असेल, हे विचारण्याचा अधिकार आम्हांस नाही.

म्हणून एक नम्र विनंती. मंडळाने गणेशोत्सव आणि नाट्यस्पर्धांबरोबर एक लहानशी नगरसमिती नेमावी. घर घेणाऱ्या सभासदास तिने चार प्रश्न विचारावयास शिकवावे: पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, पावसाचे पाणी पूर्वी कोठून वाहत होते आणि ही जमीन पूर्वी कोणाची होती? पुढील मसुदा येईल तेव्हा मंडळाच्या नावे सूचना जावी आणि तीत आपल्या सेक्टरालगतच्या गावाच्या मलवाहिनीचाही उल्लेख असावा. त्या गावाने जमीन दिली म्हणून आपण येथे आहोत.

मंडळ हीरकमहोत्सव साजरा करील तेव्हा पत्त्यांच्या वहीत आणखी दूरची नावे आलेली असतील. तेथे राहणाऱ्या आपल्या मुलांना पहाटे टँकरची वाट पाहावी लागू नये, एवढी व्यवस्था आपण करू शकलो तर या विषयाचे नीरसपण त्यांना कधी कळणारही नाही.