युद्ध संपले, पण जमिनीत उरले



नांगर चालता चालता फाळ कशाला तरी अडून खट् असा आवाज झाला, की शेतकरी काय करतो? बैल थांबवतो, वाकून पाहतो, धोंडा असला तर उपटून बांधावर टाकतो आणि पुन्हा कासरा हातात घेतो. त्यात विशेष असं काही नाही. पण पृथ्वीच्या पाठीवर एक देश असा आहे, की जिथं हा खट् आवाज ऐकताच शेतकऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तो धोंडा असेल, किंवा पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी आभाळातून पडलेला आणि अजून न फुटलेला बॉम्ब असेल. त्या देशाचे नाव लाओस. आज मी आपल्याला त्या देशाची हकीगत सांगणार आहे. परक्या फौजा दुसऱ्याच्या घरात शिरून लढतात, तेव्हा त्या लढाईची भरपाई शेवटी कोणाला करावी लागते, हे त्या हकीगतीवरून कळते.

शिक्षक बंधुभगिनींनी आशियाचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. आपल्या पूर्वेला म्यानमार, त्याच्या पलीकडे थायलंड, आणि थायलंड व व्हिएतनाम यांच्या मधोमध उभा, चिंचोळा लाओस. समुद्रकिनारा नाही. पश्चिमेच्या अंगाने मेकाँग नदी वाहते, बाकी बहुतेक मुलूख डोंगराळ. लोक भात पिकवावे, भात खावा, म्हशी पाळाव्यात अशा रीतीने राहणारे. या लोकांनी कोणावर स्वारी केली नव्हती. मग यांच्या वाट्याला एवढे मोठे युद्ध आले कसे?

लाओसवर फ्रेंचांचे राज्य होते. 1953 साली देश स्वतंत्र झाला. 1954 साली जिनीव्हाला परिषद भरली आणि शांततेचा करार झाला. तो नीट पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय आयोग नेमला गेला. आपला भारत त्याचा अध्यक्ष होता, कॅनडा आणि पोलंड सभासद होते. पण आयोगाजवळ स्वतःची फौज नव्हती. पाहणीला जायचं तर लढणाऱ्या पक्षांचीच संमती हवी! पुढे घरच्या घरात तट पडले. राजाच्या सरकारला अमेरिकेची मदत, तर पाथेट लाओ या साम्यवादी पक्षाला उत्तर व्हिएतनामची. 1962 साली पुन्हा जिनीव्हाला चौदा देश जमले. लाओस तटस्थ राहील, परक्या फौजा निघून जातील, असे सर्वांनी लिहून दिले. त्या कागदावर भारताचीही सही आहे.

सही झाली, पण शब्द पाळला गेला नाही. उत्तर व्हिएतनामने आपले बहुतेक सैनिक तिथेच ठेवले. दक्षिण व्हिएतनाममधील लढाईसाठी माणसे आणि दारूगोळा नेण्याची त्यांची वाट लाओसच्या जंगलांतून जात होती. तिला जग हो चि मिन्ह मार्ग म्हणून ओळखते. अमेरिकेने डोंगरातील हमोंग लोकांना गुपचूप शस्त्रे देऊन त्यांची फौज उभी केली आणि 1964 सालापासून विमानांनी बॉम्ब टाकायला सुरुवात केली. दोघांचेही म्हणणे एकच, की दुसऱ्याने करार मोडला म्हणून आम्हाला हे करणे भाग आहे. शेजाऱ्यांच्या वैरात मधल्याचे शेत तुडवले जावे, तसे हे झाले. त्या मधल्याला कोणी विचारलेसुद्धा नाही.

आता काही आकडे सांगतो. ते ऐकताना घाई करू नये. 1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी लाओसवर 5 लाख 80 हजार फेऱ्या केल्या आणि 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. नऊ वर्षांचा हिशेब मांडला, तर रात्रंदिवस दर आठ मिनिटांना एक विमान असे प्रमाण पडते. मी बोलायला लागल्यापासून एखादे विमान बॉम्ब टाकून जायची वेळ होत आली, असे समजा. त्या वेळी देशाची लोकसंख्या पंचवीस लाखांच्या आसपास होती. म्हणजे माणशी सात-आठ क्विंटल बॉम्ब! बियाणे नव्हे, खत नव्हे, बॉम्ब. आणि हे सारे अमेरिकेच्या जनतेपासूनही लपवून ठेवले होते. 1969 आणि 1970 साली तिथल्या सिनेटमध्ये चौकशी झाली, तेव्हा कुठे ते उघड्यावर आले.

झियांग खुआंग प्रांतात दगडी रांजणांचे एक प्रसिद्ध पठार आहे. शेकडो प्राचीन रांजण तिथे उभे आहेत, त्यांतले काही माणसाहून उंच. त्या पठारावरचे शेतकरी बॉम्बच्या भयाने दिवसा गुहेत राहत आणि रात्री अंधारात खाचरात उतरून शेती करीत. आगीचा उजेड नको, धूर नको, विमानाला दिसायला नको. त्याच प्रांतातील थाम पिऊ नावाच्या गुहेवर 24 नोव्हेंबर 1968 रोजी विमानातून अग्निबाण सुटला. आत आसऱ्याला आलेली साडेतीनशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका होत्या, लेकरे होती.

1973 साली युद्धबंदीचा करार झाला, विमाने थांबली. 1975 साली राज्य बदलले. ज्या हमोंगांना हाताशी धरले होते, त्यांतल्या हजारोंना देश सोडून पळावे लागले. वैमानिक आपल्या घरी गेले, शेजारच्या फौजाही कालांतराने परतल्या. इतिहासाच्या पुस्तकात या युद्धाचा धडा इथे संपतो. शेतकऱ्याचा धडा मात्र इथून सुरू झाला.

कारण असे, की टाकलेल्या बॉम्बपैकी पुष्कळ बॉम्ब एका खास जातीचे होते. मोठी खोळ हवेत उघडते आणि तिच्यातून चेंडूएवढे शेकडो लहान बॉम्ब दूरवर विखुरतात. लाओसचे लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात. असे सुमारे 27 कोटी बॉम्बी पडले. त्यांतले तीनांत एक, म्हणजे जवळजवळ 8 कोटी, फुटलेच नाहीत असा अंदाज आहे. ते जमिनीत रुतले. त्यांच्यावर गवत उगवले, झाडे वाढली. पण ते मेले नाहीत. कुदळीचा घाव लागला, की फुटतात. वर चूल पेटवली, तर त्या धगीनेही फुटतात. पोराला वाटते चेंडू सापडला, आणि ते उचलून फेकते. 1973 नंतर, म्हणजे शांततेच्या काळात, वीस हजारांच्या आसपास माणसे अशी मेली किंवा जायबंदी झाली. त्यांत मुले फार. यांतली कितीतरी मुले तर युद्ध संपल्यावर जन्माला आलेली!

आता यातली शेतीची बाजू पाहा. जमीन चांगली, पाऊस चांगला, पण नवे खाचर पाडायचे धाडस होत नाही. कालवा खणायचा, शाळेचा पाया घ्यायचा, रस्ता करायचा, तर आधी बॉम्ब शोधावे लागतात. देशातील चौथा हिस्सा गावे या संकटाखाली आहेत. गरिबी अशी, की माणसे मोडीसाठी बॉम्बचे लोखंड गोळा करतात आणि त्यातही जीव गमावतात. बॉम्बच्या रिकाम्या खोळी घराला खांब म्हणून लावलेल्या तिथे दिसतात. एका गावात तर विमानांचे आणि बॉम्बचे ॲल्युमिनियम वितळवून चमचे करतात. ज्याने मारले, त्यातूनच पोटाला घास! माणसाच्या चिवटपणाला नमस्कारच करायला हवा.

1996 साली सरकारने बॉम्ब काढण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था काढली. धातू ओळखणारे यंत्र हातात धरून तिची माणसे पावलापावलाने शेत तपासतात. अशा तुकड्यांत स्त्रियाही आहेत. शाळेत मुलांना अक्षरांबरोबर बॉम्बी ओळखायला शिकवतात : हात लावू नको, खूण कर, मोठ्यांना सांग. या साऱ्यामुळे अपघात पुष्कळ कमी झाले आहेत. 2016 साली अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा लाओसला गेले आणि या कामासाठी तीन वर्षांत 9 कोटी डॉलर देण्याचे त्यांनी जाहीर केले. ही मदत मोलाची खरी. पण टाकायला नऊ वर्षे लागली, वेचायला किती पिढ्या लागतील?

बॉम्बच्या या जातीवर बंदी घालणारा करार 2008 साली झाला आणि 2010 पासून अमलात आला. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, आणि त्यांची पहिली बैठक लाओसच्या राजधानीतच, व्हिएंतियानला भरली. अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत. आपला भारतही त्यात सामील झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे.

श्रोतेहो, परकी फौज दुसऱ्या देशात शिरते तेव्हा कारणे नेहमी मोठी सांगितली जातात : स्वातंत्र्य, क्रांती, संरक्षण. ती कारणे खरी की खोटी, यावर पंडित वाद घालोत. आपण एक साधा प्रश्न विचारावा. ज्याने युद्ध आणले, तो एक दिवस घरी जाईल, पण ज्याचे घरच तिथे आहे, त्याने कुठे जायचे? भूगोल शिकवताना गुरुजींनी लाओसवर बोट ठेवून हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. तहाच्या कागदावर युद्ध संपल्याची तारीख असते. जमिनीला मात्र ती तारीख ठाऊक नसते.