जत्रा, पाणी आणि आपण
(फुलंब्री येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेले भाषण)



फाल्गुनात आपल्यातल्या कितीजणी नाथषष्ठीला पैठणला जातात, आषाढात पंढरपूरला. २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका एस.टी.ने गेल्या. पण दरवर्षी असं करता येणार नाही, करूही नये. घर-शेतातून बाईला चार दिवस मोकळा श्वास तिथेच मिळतो.

मग साथ कशी रोखायची? पटकी, हगवण, विषमज्वर हे रोग विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. संडास नसले की लोक नदीकाठी बसतात. तेच पाणी पुढे कुणीतरी पितं. आणि बाई? आडोसा नाही म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही. उन्हात चालून आधीच सुकलेल्या या बाईला जुलाब लागले, तर ती लवकर कोसळते. म्हणून बायकांसाठी कडी आणि पाणी असलेला संडास ही नुसती अब्रूची बाब नाही, अख्ख्या जत्रेच्या आरोग्याची आहे.

टँकरमध्ये टी.सी.एल. पावडर टाकली का, ओ.टी. तपासणी झाली का, हे विचारायला लाजू नका. कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. घोटघोट पाजत दवाखान्यात न्या.

आजारी माणसाची उस्तवार आपल्याच वाट्याला येते. मग जत्रेच्या नियोजनाच्या बैठकीत आपण का नाही? पुढच्या बैठकीला न बोलावता जाऊ, आणि पहिला प्रश्न संडासाचा विचारू.