गर्भवतीचा ताप अंगावर काढू नये
(देऊळगाव राजा येथे केलेले भाषण)



आपल्या गावी बालाजीची यात्रा भरते ती आश्विनात. पावसाळी सर्दीतापाचे दिवस तेव्हा नुकतेच सरत असतात. गर्दीतून घरी परतणारा एखादा खोकला एखाद्या गर्भवतीपर्यंत पोचतो. त्याविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

फ्ल्यू आपल्याला नवा नाही. १९१८ च्या साथीने मध्य प्रांत व वऱ्हाडात हाहाकार माजविला. बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडातच होता. त्या साथीने ऐन उमेदीतील माणसे अधिक नेली. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्ल्यू पसरला. गर्भवतींना या रोगाचा धोका अधिक असतो, हे त्या वर्षी जगभर पुन्हा दिसून आले. गर्भ वाढू लागला की श्वासपटल वर ढकलले जाते, हृदयावरील भार वाढतो आणि प्रतिकारशक्तीतही बदल होतो. मग साध्या तापाचा न्यूमोनिया होण्यास वेळ लागत नाही.

पण खरा घात करतो तो उशीर. सुनेला ताप आला की घरची मंडळी म्हणतात, "हवापालटाचा ताप आहे, उतरेल." औषधाने पोटातील बाळाला अपाय होईल, ही भीतीही असते. वास्तविक चढता ताप आणि प्राणवायूची उणीव हीच बाळाला अधिक घातक. ऑसेल्टामिविर हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली गर्भवतीस देता येते आणि पहिल्या ४८ तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो. दुकानातून मनाने गोळ्या मात्र आणू नयेत. धाप लागली, छातीत दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

राज्य शासनाने २०१५ साली दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींना फ्ल्यूची लस मोफत देण्यास प्रारंभ केला. टोचावयाची लस निष्क्रिय विषाणूंची असते, म्हणून ती गर्भवतीस चालते; नाकात फवारावयाची जिवंत विषाणूंची लस चालत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्येच त्याला तारतात.

आशा स्वयंसेविकेकडे गर्भवतींची नोंद असतेच. पंचायत सदस्यांनी मृगापूर्वी ती पाहून लसीविषयी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. शिक्षकांनी तापलेल्या मुलास वर्गात बसवून न ठेवता घरी पाठवावे. आणि त्या घरी गर्भवती असेल, तर मुलाचे अंथरूण वेगळे घालण्याचा निरोपही सोबत द्यावा.