कळ सोसायची कशासाठी?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कॅन्सर निघाला की गोंदिया जिल्ह्यातल्या घरांत सगळ्यात आधी नागपूरचा हिशेब सुरू होतो. तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात न्यायचं की जामठ्याच्या कॅन्सर संस्थेत, गाडी कोणती पकडायची, सोबत कोण जाणार, रोवणी तोंडावर असताना बांधीत कोण उतरणार, योजनेचं कार्ड चालेल की नाही. किमो आणि लाईट (म्हणजे रेडिएशन) यांसाठी हा हिशेब करावाच लागतो. पण सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या या धावपळीत एक गोष्ट मागे पडते. त्या म्हाताऱ्या माणसाला दुखतं आहे, आणि ते दुखणं थांबवणं हाही उपचारच आहे. माझं म्हणणं असं की, डॉक्टरांनी हात टेकल्यावर नव्हे, तर निदान झाल्या दिवसापासून वेदनेवर उपचार व्हायला हवेत. आणि ते देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला घराजवळ मिळायला हवेत.

आधी दुखणं ओळखण्याबद्दल. आपल्याकडची जुनी माणसं दुखतं म्हणून सहसा सांगत नाहीत. पोराचा खर्च वाढेल, सुनेची झोपमोड होईल, म्हणून गप्प राहतात. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने ज्यांचं तोंड नासलं त्यांना तर धड बोलताही येत नाही. म्हणून 'दुखतं का?' एवढं विचारून भागत नाही, बघावं लागतं. कूस बदलताना कपाळाला आठी पडते का, आवडीचा भात ताटात तसाच राहतो का, रात्री किती वेळा उठून बसतात, चिडचिड अचानक वाढली का. हे एका वहीत वेळेसह लिहून ठेवलं, तर डॉक्टरांना त्या वहीतून जे कळतं ते पाच मिनिटांच्या तपासणीत कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांची एक शिडी सांगितली. खाली पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, मध्ये कोडीनसारखी, वर मॉर्फीन. पायऱ्यांचा क्रम आता तितका काटेकोर मानत नाहीत, पण त्यातली दोन सूत्रं टिकून आहेत: औषध शक्यतो तोंडाने द्यायचं आणि घड्याळाप्रमाणे द्यायचं. साध्या मॉर्फीनच्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो. म्हणून ती सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा अशी दिली जाते, आणि मध्यरात्री उठवावं लागू नये म्हणून रात्री दहाचा डोस डॉक्टर बहुधा वाढवून देतात. कळ उठल्यावर गोळी शोधायची हा आपला रिवाज इथे उलटा पडतो, कारण उठलेली कळ दाबायला औषध जास्त लागतं.

मॉर्फीन म्हटलं की लोक दचकतात. अफूचं औषध, सवय लागेल, ही पहिली शंका. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून घेतलेल्या मॉर्फीनमुळे कॅन्सरचा रुग्ण व्यसनी होणं विरळा. शरीराला औषधाची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करत नाहीत, हळूहळू कमी करतात. रोजचा खरा त्रास असतो तो बद्धकोष्ठतेचा. त्यासाठी रेचक पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवं, आणि नेमकं तेच लिहून घ्यायचं राहून जातं. वयामुळे मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर डोस लहान ठेवावा लागतो. फार गुंगी, बरळणं किंवा श्वास मंद वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवावं लागतं. दुसरी शंका याहून खोल आहे: हे औषध सुरू केलं म्हणजे माणूस लवकर जातो. तसं वाटतं, कारण आपण ते अगदी शेवटच्या आठवड्यात सुरू करतो आणि मग मरणाचा दोष गोळीवर जातो. २०१० साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानानंतर लवकरच नेहमीच्या उपचारांसोबत वेदनाशमन आणि आधाराची सेवा दिली होती. ते रुग्ण इतरांपेक्षा समाधानात राहिले आणि सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगले. ही सेवा म्हणजे नुसतं मॉर्फीन नव्हे, आणि एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. पण कळा थांबवल्या म्हणजे आयुष्य तोडलं, या समजाला त्यातून तरी आधार मिळत नाही.

मग हे औषध सहज का मिळत नाही? १९८५ साली अंमली पदार्थांचा कायदा आला. शिक्षा कडक, परवाने अनेक, प्रत्येक राज्याचे नियम निराळे. दवाखान्यांनी आणि औषध दुकानदारांनी धसका घेतला, आणि दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. गंमत अशी, की शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती चालूच होती आणि नीमचच्या सरकारी कारखान्यातून अफू परदेशी जात होती. २०१४ साली कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. प्रशिक्षित डॉक्टर हवा, साठा कुलपात हवा आणि नोंदवही चोख हवी. या अटी जिल्हा रुग्णालयाच्याच काय, ग्रामीण रुग्णालयाच्याही आवाक्याबाहेरच्या नाहीत. गोळी स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच ती विकण्यात कुणाला फारसा रस नसतो.

जिल्ह्यात मलेरिया आहे, कुपोषण आहे, मग मोजक्या म्हाताऱ्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. तो वरवरचा नाही, पैसा आणि मनुष्यबळ अपुरंच आहे. पण विदर्भात सिकलसेल किती पसरला आहे ते आपण जाणतो. त्याच्या झटक्यात कोवळी पोरं हाडाच्या कळांनी तळमळतात, आणि तीव्र झटक्यात त्यांनाही बऱ्याचदा मॉर्फीनच लागतं. म्हणजे आजोबांसाठी उघडलेलं कपाट नातवंडांच्याही कामी येतं. शिवाय वेदनेकडे लक्ष दिलं की नागपूरच्या काही खेपाही वाचतात. कॅन्सर हाडात उतरला असेल, तर निव्वळ कळा कमी करण्यासाठी लाईटची एकच मात्रा अनेक रुग्णांना दहा दिवसांच्या मात्रांइतका आराम देते. पुढे ती पुन्हा घ्यावी लागण्याचा संभव जास्त असतो, पण सत्तरी ओलांडलेल्या आणि बसता न येणाऱ्या माणसाला दहा वेळा नेण्याआधी हा पर्याय विचारायलाच हवा.

तेव्हा नागपूरहून सुट्टीचा कागद हातात घेताना तिथेच विचारा: दुखण्याची गोळी किती वाजता, मध्येच कळ आली तर जादा काय द्यायचं, पोट साफ होण्याचं औषध लिहिलं का, रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, आणि गोळ्या संपल्या की आमच्या गावाच्या जवळ मॉर्फीन ठेवणारं मान्यताप्राप्त रुग्णालय कोणतं. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न लेखी अर्ज करून जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.