जुन्या खेळांसाठीं नवें यंत्र

पौष महिन्यांत मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें जी यात्रा भरते, तिच्यांतील जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथें आलेला जाणता शेतकरी शिंगांच्या रंगाकडे किंवा गळ्यांतील घुंगुरमाळेकडे पाहून दावें हातीं घेत नाहीं. तो दांत पाहतो, खूर पाहतो, चार पावलें चालवून पाहतो. आणि बैल भाताच्या चिखलांत जुंपावयाचा कीं गाडीला, हें तर तो घरूनच ठरवून आलेला असतो. जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठीं हातांतलें यंत्र घेऊं पाहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थापाशीं हें तारतम्य क्वचितच दिसतें.

हा गृहस्थ बहुधा चाळिशीच्या घरांतला असतो. १९९० नंतरच्या दशकांत टेलिव्हिजनला जोडलेल्या यंत्रांत ‘कॅसेट’ खुपसून तो खेळलेला असतो, किंवा ‘ब्रिक गेम’ नांवाचें लहानसें यंत्र त्याच्या दप्तरांत लपलेलें असतें. त्या यंत्रावर ‘९९९९ खेळ’ अशीं अक्षरें असत; प्रत्यक्षांत मोजकेच खेळ, वेग व मांडणी बदलून, पुन्हा पुन्हा पुढें येत. त्यांतील मुख्य खेळ म्हणजे १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सेई पाजितनोव यांनीं रचलेल्या ‘टेट्रिस’ची नक्कल. आज आपलें बालपण आपल्या मुलीला दाखवावें, असें त्याला वाटतें. इच्छा रास्त आहे. पण नव्या खोक्यांवरहि ‘दहा हजार खेळ’ अशींच अक्षरें असतात, आणि लहानपणीं फसलेला मुलगा बाप झाल्यावर पुन्हा त्यांनाच भुलतो.

या बाबतींत इतिहास उद्बोधक आहे. १९८९ सालीं जपानच्या निन्टेंडो कंपनीनें ‘गेम बॉय’ बाजारांत आणला. त्याचे प्रमुख योजक गुनपेई योकोई यांनीं रंगीत पडद्याचा मोह टाळला. चार छटांचा साधा पडदा आणि चार पेन्सिल सेल, एवढ्यावर यंत्र पंधरा तास तरी सहज चाले. पुढल्याच वर्षीं आलेल्या सेगा कंपनीच्या ‘गेम गिअर’चा पडदा रंगीत व उजळ होता, पण तो सहा सेल तीन ते पांच तासांत संपवी. गेम बॉय, त्याच्या पुढील रंगीत आवृत्तीसह, सुमारें ११ कोटी ८७ लाख खपला. गेम गिअरचा खप एक कोटीच्या आसपासच राहिला. दुकानांत डोळ्यांना भावलेलें यंत्र प्रवासांत उपयोगीं पडतेंच असें नाहीं.

म्हणून पहिला प्रश्न यंत्राचा नव्हे, खेळांचा. १९९५ पूर्वींचे बहुतेक घरगुती खेळ आजचें अगदीं साधें यंत्रहि सहज पेलतें. १९९४ सालीं आलेल्या पहिल्या प्लेस्टेशनचेहि बहुतेक खेळ त्यावर चालतात. परंतु प्लेस्टेशन पोर्टेबलचे, म्हणजे २००४ नंतरचे, खेळ हवे असतील तर अधिक शक्तीचें व अधिक किंमतीचें यंत्र लागतें. ज्याला केवळ ‘मारिओ’ खेळावयाचा आहे, त्यानें ती किंमत मोजणें व्यर्थ होय.

दुसरा प्रश्न पडद्याचा, आणि येथें शाळेंतलें साधें गणित कामास येतें. गेम बॉयचें चित्र १६० बाय १४४ ठिपक्यांचें होतें. ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर तें बरोबर तिप्पट होऊन बसतें व रेषा स्वच्छ राहतात. २००१ सालच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचें चित्र २४० बाय १६० होतें. ७२० बाय ४८० च्या पडद्यावर त्याची तिप्पट तंतोतंत भरते. पूर्ण पट न साधल्यास कांहीं ठिपके जाड, कांहीं बारीक दिसतात. किंवा तें टाळण्यासाठीं केलेल्या सारवासारवीनें चित्र पुसट होतें.

तिसरा प्रश्न वापराच्या स्थळाचा. शहापूरचा नोकरदार आसनगांवहून लोकल धरतो. मुंबईपर्यंत सुमारें दोन तास लागतात. त्या गर्दींत एक हात कडीला असतो. जागा मिळाली तरी कोपर पसरतां येत नाहीं. तेथें खिशांत मावणारें व इयरफोन लावतां येणारें यंत्रच योग्य. घरीं खेळणाऱ्या प्रौढास मात्र मोठा पडदा व हाताला भरणारी बांधणी सुखावह वाटते. लहान यंत्रावर त्याचीं बोटें अर्ध्या तासांत अवघडतात. कांहीं स्वस्त यंत्रें नव्या जलद चार्जरवर चार्जच होत नाहींत. त्यांना जुना पांच व्होल्टचा चार्जर लागतो. हें विकत घेण्यापूर्वींच विचारावें.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची. यंत्रासोबत मिळणारें मेमरी कार्ड पुष्कळदां हलक्या प्रतीचें असतें, आणि त्यांतले हजारों खेळ परवानगीवांचून उतरविलेले असतात. खेळ जुना झाला म्हणून त्यावरील हक्क संपत नाहीं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास ती नष्ट होण्याच्या भीतीनें राखीव प्रत करूं दिली आहे. दुसऱ्याची प्रत उचलण्यास ती सवलत नव्हे. हौशी लोक आजहि गेम बॉयसाठीं नवे खेळ रचून मोफत देतात, कंपन्याहि आपले कांहीं जुने खेळ पुन्हा विकतात. मुलीला खेळ शिकवितांना ही मर्यादाहि शिकवावी.

मूळचें जुनें यंत्रच हवें, असा कोणाचा आग्रह असेल, तर त्यानें कॅसेटींतील लहान सेलची चौकशी करावी. १९९६ सालच्या ‘पोकेमॉन’सारख्या खेळांत झालेली प्रगति त्या सेलच्या बळावर टिकते; सेल संपला कीं सारें पुसलें जातें. उलट, घरांतल्या मोबाइललाच बटणांची जोड घेतली तर खर्च पुष्कळ वांचतो.

खरेदीपूर्वीं एका कागदावर खरोखर खेळावयाच्या पांच खेळांचीं नांवें लिहावीं. पांच नांवें सुचलीं, तर योग्य यंत्र त्यांतूनच ठरतें. सुचलीं नाहींत, तर दहा हजार खेळांचें यंत्र घेऊनहि तें महिन्याभरांत कपाटांत जाईल. आणि ज्या मुलीसाठीं तें आणलें, ती बापाची वाट पाहत बसेल.