मातृत्वापूर्वीची दक्षता



हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव वा औंढा नागनाथ, बहुधा दिवस गेल्यावरच सून दवाखान्याची पायरी चढते. परंतु गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू जिच्यातून घडतात, ती नलिका गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांतच बंद होते. तेव्हा अनेकींना चाहूलही नसते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची दैनिक गोळी किमान १ महिना आधी सुरू व्हावी. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून कमी असल्यास उपचारही तेव्हाच व्हावेत.

हे सारे पतीची सवड, सासूची संमती व दवाखान्याचे अंतर यांवर अवलंबून असते. ‘आजार नाही, मग दवाखाना कशाला?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांनीच मागे घ्यावा. लग्नाचा बस्ता उत्साहाने बांधणाऱ्या कुटुंबाने सुनेच्या रक्ततपासणीसाठीही एक दिवस राखून ठेवावा.